लाल उशिरा येतो

माझ्याकडे अकरा टीव्ही आहेत. त्यातले चार लागतात. एक लागतो, पण सगळं चित्र मधोमध एका आडव्या पांढऱ्या रेघेत गोळा होऊन बसतं. उरलेले सहा रांगेत आहेत. माझ्या सुट्टीची, पैशांची आणि सुट्या भागांची वाट बघत.

सगळे पिक्चर ट्यूबवाले, पाठीला कुबड असलेले. सिडकोतल्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे, तिथे ते ठेवलेत. आई त्या खोलीला ‘दवाखाना’ म्हणते. एप्रिल-मेच्या दुपारी तिथे पाय ठेवता येत नाही आणि पावसाळ्यात ओल लागेल म्हणून झोप लागत नाही. हा छंद शहाण्या माणसाचा नाही, हे मला मान्य आहे. जुनी नाणी डब्यात मावतात, जुनी पुस्तकं कपाटात. सव्वीस इंची टीव्ही चाळीस किलोच्या आसपास भरतो आणि तो जिन्यावरून वर न्यायला दोन माणसं लागतात. तीही एकमेकांशी न भांडणारी.

मी जुने टीव्ही घेते हे कळलं की ओळखीचे-अनोळखी सगळे एकच प्रश्न विचारतात: “त्यात लाल पारा असतो म्हणे? कोटीत जातो?” काही वर्षांपूर्वी व्हॉट्सअॅपवरून ही अफवा गावोगाव फिरली. शटरवाल्या जुन्या टीव्हीत किंवा रेडिओत लाल पाऱ्याची कुपी असते आणि तिला परदेशात प्रचंड किंमत येते, अशी. लोकांनी आजोबांचे टीव्ही फोडून बघितले. कुपी नव्हतीच, कुठल्याच टीव्हीत कधी नव्हती. त्या अफवेने जेवढे चांगले सेट मारले तेवढे उंदरांनीही मारले नसतील.

माझे अकरापैकी आठ इथलेच आहेत. इथलेच म्हणजे अगदी इथले. मागच्या झाकणावर चिकटवलेल्या पट्टीवर पत्ता छापलेला असतो: चौदावा किलोमीटरचा दगड, औरंगाबाद-पैठण रस्ता, चितेगाव. शहराचं नाव बदललं, पट्टी तशीच आहे. व्हिडिओकॉन. माझ्यापेक्षा लहान असलेल्यांना हे नाव बहुतेक बातमीतूनच माहीत असतं, २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेली कंपनी म्हणून. पण ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या तोशिबाशी करार करून धूत कुटुंबाने पैठण रस्त्यावर टीव्ही बनवायला सुरुवात केली, तेव्हा मराठवाड्यात बनलेली वस्तू देशभरच्या बैठकीच्या खोल्यांत जाऊन बसली होती. पैठण म्हटलं की पैठणी आणि एकनाथ महाराज आठवणाऱ्या रस्त्यावरून रंगीत टीव्हीचे ट्रक निघायचे. माझ्याकडे त्यांचा एक ‘बझूम्बा’ही आहे. चित्र बेताचं, पण आवाज असा की खालच्या मजल्यावरून आई झाडूचा दांडा छताला ठोकते.

माझे मामा त्याच कारखान्यात होते. १९८९ साली लागले. बरीच वर्षं शेवटच्या तपासणीच्या ओळीवर बसले, पुढे नोकरी सोडून किराणा दुकान टाकलं. सेट जोडून झाला की त्यावर पांढरा-करडा पडदा लावायचा आणि ट्यूबच्या मानेजवळच्या छोट्या स्क्रूने लाल, हिरवा, निळा असा एकेक रंग कमी-जास्त करत पांढरं खरोखर पांढरं करायचं, हे त्यांचं काम. रंगीत टीव्हीत पांढरा रंग नसतोच. तिन्ही रंग ठरावीक प्रमाणात पडले की आपला डोळा त्याला पांढरं म्हणतो. मीटर होतं, पण मामांचा मीटरवर पूर्ण विश्वास नव्हता. “मीटर सांगतं ते ऐकायचं, मग आपण बघायचं,” असं ते अजून म्हणतात. हे काम करणारा माणूस सेटच्या पाठीशी असतो आणि पडदा पुढे असतो. म्हणून समोर आरसा ठेवायचा. रोज दिवसभर मामा टीव्ही आरशातच बघत होते. घरी मात्र कित्येक वर्षं त्यांच्याकडे कृष्णधवलच सेट होता.

उरलेल्या तीनांपैकी दोन अजून उघडलेलेही नाहीत. तिसरा जर्मन आहे आणि हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. ग्रुंडिग, ‘सुपर कलर’, सव्वीस इंची, लाकडी पापुद्र्याचं कपाट. जिन्यातून नेताना आमच्या शेजारचे चाचा म्हणाले, “बेटा, ये टीवी नै, अलमारी है.” चाचांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुकानात मोबाइलचे कव्हर विकले जातात आणि चाचा घरी बसून माझ्यासारख्यांना सल्ला देतात.

हा सेट मला एका निवृत्त डॉक्टरांच्या घरातून मिळाला. १९८२ साली ते पुण्यात होते. जर्मनीत नोकरीला असलेल्या त्यांच्या भावाने तो एशियाडच्या तोंडावर आणला. त्या वर्षी १५ ऑगस्टला दूरदर्शन रंगीत झालं आणि नोव्हेंबरात दिल्लीत एशियाड सुरू झालं. गरीब देशाला रंगीत टीव्हीची चैन कशाला, असा वाद तेव्हा जोरात होता. त्या वादात रंगाच्या बाजूने हट्टाने उभे राहिलेले माहिती व नभोवाणी मंत्री म्हणजे वसंत साठे, वर्ध्याचे खासदार. देशात पुरेसे रंगीत सेट बनत नव्हते, म्हणून सरकारने आयातीला सवलती दिल्या आणि परदेशातल्या भावाबहिणींची अचानक आठवण येऊ लागली.

इथे एक गंमत आहे. त्या वेळी अमेरिकेतल्या मामाने टीव्ही आणला असता तर तो इथे शोभेचाच झाला असता. वीज ११० व्होल्टची, रंगाची पद्धत वेगळी, ओळी वेगळ्या. फ्रान्समधल्या काकाने आणलेल्या सेटवर रंग दिसले नसते. जर्मनीतून आलेला सेट मात्र डब्यातून काढला, अँटेना जोडली की लागला. कारण भारताने जी पद्धत घेतली ती तिथलीच होती: पाल.

पालची गोष्ट मला फार आवडते, तेव्हा थोडं थांबते. अमेरिकेने १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणासाठी एनटीएससी पद्धत मान्य केली. तिच्यात रंग कोणता, हे लहर कुठल्या टप्प्यावर आहे त्यावरून ओळखायचं. हवेतून येताना तो टप्पा जरा सरकला की माणसांचे चेहरे हिरवे पडत. तिथल्या सेटना रंग जुळवण्यासाठी वेगळं बटण असायचं आणि घरोघरी त्यावरून भांडणं व्हायची. जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीतल्या वाल्टर ब्रुख या इंजिनिअरने १९६२च्या शेवटी यावर उपाय नोंदवला आणि पुढच्याच महिन्यात हॅनोव्हरमध्ये करून दाखवला. उपाय असा: एका ओळीआड रंगाचा एक घटक उलटा करून पाठवायचा. वाटेत चूक झालीच तर ती एका ओळीत एका बाजूला झुकेल, पुढच्या ओळीत तेवढीच विरुद्ध बाजूला. सेटने दोन्ही ओळी एकत्र करून सरासरी काढली की चूक जाते. रंग थोडा फिका पडतो एवढंच. पद्धतीला स्वतःचं नाव का दिलं नाही असं विचारल्यावर ब्रुख गमतीने उत्तर देत, असं सांगतात: जर्मनमध्ये ‘ब्रुख’ म्हणजे मोडतोड, मोडक्या पद्धतीचा टीव्ही कोण घेणार?

पण सरासरी काढायची तर मागची ओळ पुढची येईपर्यंत धरून ठेवायला हवी. तेवढा वेळ म्हणजे ६४ मायक्रोसेकंद. आज हे कुठलीही चिप झोपेत करेल. साठच्या दशकात घरगुती सेटमध्ये अशी स्मृती बसवणं शक्य नव्हतं. मग त्यांनी काय केलं, तर त्या ओळीच्या रंगाचा आवाज केला. आपल्याला ऐकू न येणारा, अतिउच्च कंपनांचा. तो एका काचेच्या तुकड्यात सोडला. काचेतून आवाज विजेच्या मानाने लाखपट हळू जातो. काचेच्या भिंतींवर आपटत तो पलीकडे पोचेपर्यंत बरोबर ६४ मायक्रोसेकंद होतात, तिथे त्याची पुन्हा वीज करायची आणि नव्या ओळीशी जोडायची. माझ्या ग्रुंडिगमध्ये तो तुकडा आहे, काडेपेटीहून लहान. आमच्या चितेगावच्या जुन्या सेटमध्येही आहे. हम लोग, रामायण, महाभारत, त्या काळात रंगीत टीव्हीवर लोकांनी जे काही बघितलं त्याचा रंग आधी आवाज होऊन काचेतून गेलेला होता. मला हे कळलं त्या रात्री मी गच्चीवर एकटीच हसत बसले होते.

(जर्मनीत रंगीत प्रक्षेपण सुरू झालं ते २५ ऑगस्ट १९६७ ला, बर्लिनच्या प्रदर्शनात विली ब्रांट यांनी मोठं लाल बटण दाबून. बटण खोटं होतं, त्याला काही जोडलेलंच नव्हतं. आणि आतल्या तंत्रज्ञाने जरा घाई केली, त्यामुळे ब्रांट यांचं बोट टेकण्याआधीच चित्र रंगीत झालं. उद्घाटनं सगळीकडे सारखीच.)

डॉक्टरांकडून आणला तेव्हा ग्रुंडिग कित्येक वर्षं बंद होता. आत उंदराचं घरटं, त्यात पतंगाच्या मांज्याचा तुकडा आणि इस्पितळाच्या पावत्या. असा सेट थेट प्लगला लावायचा नसतो. आधी सगळी धूळ मऊ ब्रशने काढली. मग ‘सिरीज बल्ब’ लावला. ही आपल्या मेकॅनिकांची साधी, पक्की युक्ती आहे: शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब सेटच्या वाटेत जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सेट वाचतो. माझा लख्ख पेटला. मग चार रविवार गेले. फुगलेले कंडेन्सर बदलले. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून एक मेलेला सेट फक्त त्याच्या ट्रान्झिस्टरसाठी घेतला. जास्त तापणाऱ्या भागांखालचे टाके ड्राय झाले होते, भिंगातून बघितलं की पायाभोवती बारीक काळी रिंग दिसते, ते पुन्हा मारले. ग्रुंडिगच्या आत वेगवेगळ्या कामांची छोटी कार्डं खोचून बसवलेली असतात. त्यांची टोकं काळी पडली होती. ती पेन्सिलच्या खोडरबरने घासली, चाचांनी शिकवलेलं. सर्किटचा नकाशा जर्मन, मोबाइलवर मोठा करकरून वाचायचा. ‘त्साइले’ म्हणजे ओळ, ‘फार्बे’ म्हणजे रंग. माझं जर्मन एवढंच आहे आणि ते मला पुरतं.

चौथ्या रविवारी संध्याकाळी बल्ब क्षणभर पेटून मंद झाला. ट्यूबभोवतीची चुंबकत्व काढणारी गुंडाळी ‘ढुंग’ करून गुणगुणली. आणि एक बारीक शिट्टी सुरू झाली.

ही शिट्टी म्हणजे पंधरा हजार सहाशे पंचवीस. एका चित्रात ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार करून बघा. ओळ काढणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा हा आवाज लहान मुलांना स्पष्ट ऐकू येतो आणि वय वाढलं की कानातून आपोआप गळून जातो. माझा सात वर्षांचा भाचा जिन्यातूनच ओरडतो, “मावशी, टीव्ही लागला!” मला तो खोलीत शिरल्यावर ऐकू येतो, दर वर्षी थोडा कमी. चाचांना आणि मामांना अजिबात नाही. मामांनी आयुष्यभर हा आवाज करणारी यंत्रं तपासली.

चित्र आलं, पण चेहरे हिरवट-निळे. पाच मिनिटांनी ओठांवर जरा रंग चढला. दहा मिनिटांनी माणसं माणसांसारखी झाली. लाल उशिरा येत होता.

कंडेन्सर मिळतो, टाका पुन्हा मारता येतो. ट्यूबचं तसं नाही. ट्यूबच्या मानेत तीन गन असतात, तापल्या की इलेक्ट्रॉन सोडतात, पंचवीस हजार व्होल्टच्या ओढीने ते पडद्यावर आदळतात. गनच्या टोकाला जो लेप असतो तो वापराने झिजतो. माझ्या ग्रुंडिगच्या लाल गनचा लेप सरत आलाय, म्हणून तिला जाग यायला वेळ लागतो. पूर्वी ट्यूब ‘रिगन’ करून मिळायची, म्हणजे मान कापून नवी गन बसवून. ती कामं बंद झाली, इथली आणि युरोपातलीही. नवी रंगीत ट्यूब आता जगात कुणी टीव्हीसाठी बनवत नाही.

आणि या शेवटाशीही पैठण रस्त्याचा संबंध आहे. २००५ साली व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जगभरचा धंदा विकत घेतला. इटलीतल्या अनान्यी गावापासून पोलंड, मेक्सिको, चीनपर्यंतचे कारखाने. ज्या देशाच्या टीव्हीवर आपला रंग दिसला नसता त्या देशाच्या ट्यूबचे मालक आपल्या जिल्ह्यातले झाले. तेव्हा इथे फार अभिमान वाटला होता. मामांनी पेढे आणले होते, नोकरी सोडलेली असूनही. दोन-तीन वर्षांत सपाट पडद्यांनी ट्यूबला बाजारातून ढकलून दिलं. अनान्यीतही शेवटी कुलूप लागलं. कधीतरी तिथे जाऊन कुणाच्या तरी गच्चीवरची खोली बघावी असं मनात आहे.

तर प्रश्न असा की ग्रुंडिग लावायचा की नाही. लावला की झिजतो. चाचा म्हणतात, बूस्ट कर: “ट्यूब को एक झटका देव, जवान हो जाती.” हीटरला जरा जास्त व्होल्टेज देऊन लेपाचा वरचा थर जाळायचा, खालचा ताजा वर येतो. झालं तर काही महिने लाल लखलखतं. नाही झालं तर त्याच मिनिटात सगळं संपतं. मामांचा याला साफ विरोध. “म्हाताऱ्या माणसाला पळायला लावू नये, माय.” युरोपातले काही संग्राहक असे सेट वर्षातून एखाद्या दिवशीच लावतात. मला ते पटत नाही. काचेच्या कपाटातली पैठणी बघून मला जे वाटतं तेच न लावलेला टीव्ही बघून वाटतं. मी एक वही केली आहे. तारीख, किती मिनिटं, लाल यायला किती वेळ लागला. पहिल्या पानावर दहा मिनिटं आहे, सध्याच्या पानावर चौदा.

लावून बघायचं काय, हाही प्रश्न आहेच. एके काळी या शहरातले सगळे अँटेना म्हैसमाळच्या डोंगराकडे तोंड करून असायचे, दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे. वारा आला की कुणीतरी गच्चीवर आणि कुणीतरी खाली, “आलं का? … गेलं!” दूरदर्शनने अॅनालॉग प्रक्षेपण देशभर टप्प्याटप्प्याने गुंडाळलं. आता हवेत या सेटना समजेल असं काही उरलेलं नाही. म्हणून मी फोनवरचं चित्र आधी एका स्वस्त डबीत घालते, त्या डबीतून बाजारात मिळालेल्या जुन्या व्हीसीआरमध्ये आणि व्हीसीआरमधून ग्रुंडिगच्या अँटेनाच्या भोकात. डबी ऑनलाइन मिळते. तिच्या अंगाला एक इवलंसं बटण असतं, दोनच जागा: एनटीएससी आणि पाल. ब्रुख यांची पद्धत आज त्या बटणात शिल्लक आहे. बहुतेकांना ते बटण कशाला आहे हे ठाऊकही नसतं.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं महिन्याने व्हायचं होतं. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी ते दवाखान्यात आले, म्हणजे माझ्या. सेट लावला, चौदा मिनिटं थांबलो. मी पांढरा पडदा लावला. मामांनी एक डोळा झाकला. मग दुसरा. पुन्हा पहिला.

“उजव्याने निळसर दिसतंय,” ते म्हणाले. “डाव्याने चहा सांडल्यासारखं.”

मोतीबिंदू पिवळट असतो. तो हळूहळू वाढतो, त्यामुळे जग पिवळं झालंय हे कळत नाही. काढला की सगळं एकदम निळं, गार दिसायला लागतं. डॉक्टरांनी त्यांना हे सांगितलं होतं. तरी मामा बराच वेळ नुसते बसले. मग म्हणाले, “मग मी शेवटची काही वर्षं जे पांढरं लावत होतो ते कसलं होतं?”

मी म्हटलं, “मामा, तुम्ही तेव्हा चाळिशीत होतात. मोतीबिंदू नंतरचा.”

“असेल.” पटलं नसल्यासारखं. “मीटर होतंच म्हणा.”

त्यांनी मागचं झाकण काढायला लावलं. मी समोर स्टुलावर आरसा धरला, ते पाठीशी बसले. एक हात पाठीमागे ठेवून दुसऱ्याच हाताने काम करायची त्यांची सवय अजून आहे. दोन्ही हात आत घातले तर वीज छातीतून जाते. प्लास्टिकच्या पेचकसाने निळा जरासा खाली आणला. लाल आधीच टोकाला होता, तो वाढण्यासारखा नव्हता, मग त्यांनी हिरवा आणि निळाच त्याच्या बरोबरीला उतरवले. चित्र थोडं अंधारलं, पण पांढरं पांढरं झालं. निदान मला तरी तसं दिसलं. उजव्या डोळ्याने बघून त्यांनी मान हलवली, डाव्याने बघून हलवली नाही.

मग ते पुढे येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, राहू दे चालू. मी फोनवर १९८३च्या वर्ल्ड कपची फायनल लावून दिली. त्या दिवशी वहीत दोन तास दहा मिनिटं लिहिली आहेत. एवढी आधी कधीच लिहिली नव्हती.

दुसरं ऑपरेशन झाल्यावर महिन्याने मामा पुन्हा आले. चौदा मिनिटं झाली, पंधरा झाली. त्यांनी दोन्ही डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाले, “अजून जरा निळा आहे, माय.” मी पेचकस दिला आणि आरसा धरला.